ओमो खोऱ्यात फोटो काढायला जाताना: कॅमेरा पिशवीतून सगळ्यात शेवटी काढा

दक्षिण इथिओपियातल्या ओमो खोऱ्यातून परतलेल्यांची तक्रार बहुधा एकच असते. "गाडीतून उतरलो की गराडा पडतो, जो तो पैसे मागतो, मनासारखा एक फोटो मिळत नाही." मग त्यांचे फोटो बघावेत तर सकाळी साडेअकराचं ऊन, डोळ्यांखाली काळ्या खाचा, रांगेत उभी माणसं आणि प्रत्येकाची नजर फोटोवाल्याच्या खिशाकडे.

लेन्स किंवा गाव बदलून हे सुधारत नाही, कारण चूक क्रमात असते. गाडी थांबायच्या आधीच काच खाली जाते आणि कॅमेरा बाहेर येतो. दर ठरलेला नसतो, सुटे पैसे नसतात, गावातल्या ज्येष्ठांशी कोणी बोललेलं नसतं. पुढचा सगळा क्रम हमर, बन्ना, कारो, मुर्सी आणि दासानेच या जमातींकडे जाणाऱ्यांसाठी आहे. तयारीचे पाच टप्पे घरी आणि शहरात उरकायचे आहेत, बाकीचे तिथे.

## १. तारखेआधी वार ठरवा

विमानाचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून तारीख पक्की करणं ही पहिली चूक. ओमोत प्रवास आठवडी बाजारांभोवती बांधायचा असतो, कारण डोंगरातली माणसं बाजाराच्या दिवशीच एकत्र येतात. 'की आफर' या गावचा बाजार गुरुवारी, दिमेकाचा मोठा बाजार शनिवारी, तुर्मीचा सोमवारी. यावरून आराखडा असा बसतो:

- मंगळवार: मुंबईहून आदिस अबाबा. थेट विमान साधारण सहा तासांचं.
- बुधवार: देशांतर्गत विमानानं जिंका किंवा अर्बा मिंच. अर्बा मिंचला उतरलात तर पुढे कोन्सोमार्गे गाडीनं जिंका.
- गुरुवार: की आफर. बन्ना, हमर आणि आरी लोक इथे भेटतात.
- शुक्रवार: पहाटे जिंकाहून मागो राष्ट्रीय उद्यानातून मुर्सी गाव, परत जिंका.
- शनिवार: दिमेका, मुक्काम तुर्मी.
- रविवार: कोर्चो, म्हणजे ओमो नदीच्या वळणावर उंच कड्यावर बसलेलं कारो गाव.
- सोमवार: सकाळी लवकर ओमोराते आणि दासानेच, परतताना तुर्मीचा बाजार.

पाच दिवसांपेक्षा कमी वेळ असेल तर एखादी जमात सोडून द्या. सकाळी एक गाव, दुपारी दुसरं, संध्याकाळी तिसरं असं केलं की नक्षीदार माणसांच्या पासपोर्ट फोटोंचा गठ्ठा तयार होतो.

मोसमाचं म्हणाल तर डिसेंबर ते फेब्रुवारी आणि जून ते सप्टेंबर हे कोरडे काळ. मार्च ते मे मुख्य पाऊस, ऑक्टोबर-नोव्हेंबरात थोडा. एप्रिल-मेमध्ये काळ्या मातीचे रस्ते आपल्या मराठवाड्यातल्या गाडीवाटांसारखे होतात आणि चारचाकी जोर लावूनही तिथेच रुतून बसते.

सावध: इथिओपियाचं घड्याळ आपल्यापेक्षा वेगळं मोजतं. दिवस सूर्योदयाला सुरू होतो, म्हणून आपले सकाळचे ७ म्हणजे त्यांचा १. ड्रायव्हर "उद्या १२ वाजता निघू" म्हणाला तर तो सकाळी ६ बद्दल बोलत असतो. दरवेळी "आपलं घड्याळ की तुमचं?" असं विचारून घ्या. मुर्सी गावाचा दिवस एवढ्या एका गैरसमजानं हातचा जातो. कॅलेंडरही ७-८ वर्षं मागे आणि १३ महिन्यांचं आहे, त्यामुळे स्थानिक पावतीवरची तारीख बघून दचकू नका.

## २. कागदपत्रं आणि लस

भारतीय पारपत्रावर पर्यटक ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो. तो घेऊन प्रवेश आदिसच्या बोले विमानतळातूनच करायचा, असं धरून चाला. शुल्क आणि मुदत सरकारी संकेतस्थळावर अर्ज करतानाच बघा. कोणाच्या जुन्या अनुभवावर विसंबू नका.

पिवळ्या तापाची लस लोक बेफिकिरीनं शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. प्रमाणपत्र लस घेतल्यावर १० दिवसांनी वैध होतं, त्यानंतर आयुष्यभर चालतं. अडचण जाताना कमी आणि परतताना जास्त येते. इथिओपियाहून येणाऱ्या प्रवाशाकडे प्रमाणपत्र नसेल तर भारतात ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच मिळते. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य कार्यालयांकडे चौकशी करा, वेळ आधी घ्यावी लागते. अंड्याची ॲलर्जी असेल किंवा वय ६० च्या पुढे असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. पोलिओच्या डोसाचा नियम सध्या काय आहे तेही तिथेच विचारा.

मलेरियाच्या गोळ्या हव्यातच. आदिस २,३०० मीटरवर आहे, तिथे डास त्रास देत नाहीत आणि माणूस गाफील होतो. ओमोचं खोरं खाली आणि उष्ण आहे. गोळ्या निघायच्या आधी सुरू करून परतल्यावरही ठरल्या दिवसांपर्यंत घ्यायच्या असतात. "आता घरी आलो" म्हणून मध्येच थांबवू नका.

आणखी एक. २०२५ च्या नोव्हेंबरात जिंकामध्ये मारबुर्ग विषाणूची लागण जाहीर झाली होती. निघण्याच्या पंधरवड्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि भारतीय दूतावासाच्या सूचना पुन्हा एकदा वाचा. अम्हारा आणि ओरोमिया या प्रांतांच्या काही भागांत अशांतता असते, म्हणून आदिसपासून रस्त्यानं जाण्याऐवजी विमान घेतलेलं बरं.

तपासा: ड्रोन घरी ठेवा. परवानगीशिवाय आणलेला ड्रोन बोलेवर काढून घेतात. दुर्बिणीवरूनही तिथे अडवतात, हे पक्षीवाल्या मंडळींनी खास लक्षात ठेवावं. मोठ्या व्हिडिओ कॅमेऱ्याचा आणि माइकचा संच असेल तर चित्रीकरणाची परवानगी आधी लागते. एक-दोन साधे कॅमेरे आणि लेन्सा पर्यटक म्हणून चालतात.

## ३. पैसे, आणि त्याहून महत्त्वाचे सुटे पैसे

ओमोत फोटोला पैसे द्यावे लागतात. हे कोणाला खटकत असेल तर जाऊ नये, वाईट काही नाही त्यात. पण तिथे जाऊन घासाघीस करणं आणि "आम्ही तर प्रेमानं काढतोय" म्हणणं शोभत नाही. ओमो नदीवरच्या गिबे-३ धरणाचं उद्घाटन २०१६ च्या डिसेंबरात झालं. धरणात पाणी अडवल्यापासून ओमोचा वार्षिक पूर पूर्वीसारखा येत नाही. पूर ओसरल्यावर काठच्या गाळात ज्वारी पेरणाऱ्या कारो, मुर्सी आणि दासानेच लोकांचं एक पीकच त्यामुळे अडचणीत आलं. नटून उभं राहणं हे त्यांच्या बाजूनं काम आहे आणि त्याची मजुरी ते मागतात.

फोटोमागे अमुक बिर (इथिओपियाचं चलन) असा आकडा इथे मुद्दाम देत नाही. २९ जुलै २०२४ ला बिरचा विनिमय दर मोकळा सोडला. तोवर डॉलरला सुमारे ५७ बिर होते, वर्षभरात भाव सव्वाशेच्या पुढे गेला. जुन्या प्रवासवर्णनांतले ५ बिर आज कोणी घेत नाही, आणि ते पुढे केले तर अपमान वाटतो. चालू दर जिंकात पोचल्यावर गाईडला विचारायचा, आणि विचारताना तीन गोष्टी वेगळ्या विचारायच्या: गावाचं प्रवेशशुल्क किती, माणशी किती, आणि गटाचा किंवा वेळेचा ठोक दर किती.

नोटांचा हिशेब असा करा. रोज १२ ते १५ माणसं धरली तर पाच दिवसांत ६० ते ७५ व्यवहार. पाठीवर मूल असलेल्या आईचे दोन धरतात, म्हणून आकडा ९० ते १०० वर जातो. त्यावर वीस टक्के जादा. एवढ्या व्यवहारांना पुरतील इतक्या लहान नोटा, बँकेतून बंडलानं. हे काम आदिसला, अर्बा मिंचला किंवा जिंकाला उरकायचं. तुर्मीत गेल्यावर सुट्यांचा भरवसा नाही. फाटक्या, चिकटपट्टी लावलेल्या नोटा बँकेच्या खिडकीतच परत करा, गावात त्या कोणी घेत नाही. बदलून घ्यायला रुपये चालत नाहीत, डॉलर चालतात.

नोटा तीन ठिकाणी ठेवा: आजच्या पुरत्या पँटच्या पुढच्या खिशात, राखीव गाईडकडे नव्हे तर तुमच्याच बॅगेत, बाकी मुक्कामी. जाडजूड बंडल काढून त्यातून एक नोट सोडवायला लागलात की दर तिथल्या तिथे चढतो, आणि चढणारच.

## ४. गाडी, ड्रायव्हर, गाईड

चारही चाकांना जोर देणारी (फोर-व्हील ड्राइव्ह) गाडी लागते. दोन स्पेअर टायर आहेत का ते निघण्याआधी डोळ्यांनी बघा. "आहे आहे" वर जाऊ नका, मागचं दार उघडून टायर दाबून बघा.

आदिसहून येणारा गाईड पुरेसा नसतो. प्रत्येक भागात स्थानिक गाईड घ्यावा लागतो, आणि तो त्या जमातीचा असेल तर उत्तमच. हमर गावात आम्हारिक (देशाची कामकाजाची भाषा) बोलणारा शहरी पोरगा आणि हमर बोलणारा गावचा माणूस, यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मुर्सींकडे जाताना मागो उद्यानाचं शुल्क भरून बंदूकधारी रक्षक सोबत घ्यावा लागतो. ओमोरातेला केनियाची सीमा जवळ असल्यानं पारपत्राची नोंद करतात. झेरॉक्स चालेलच असं नाही, मूळ पारपत्र सोबत ठेवा.

गाईडशी पहिल्याच संध्याकाळी बसून चार गोष्टी ठरवा:

1. गावात पोचल्यावर पहिली १५ ते २० मिनिटं कॅमेरा बाहेर येणार नाही.
2. प्रवेशशुल्क तो देईल, पण तुमच्या डोळ्यांदेखत आणि ज्येष्ठांच्या हातात.
3. फोटोचे पैसे तुम्ही स्वतः, ज्याचा फोटो त्याच्याच हातात द्याल.
4. कोणी नको म्हटलं तर तो तुमच्यासाठी मन वळवणार नाही.

चौथी अट ऐकून गाईड चमकतात. बहुतेक पाहुणे त्यांच्याकडून नेमकं मन वळवण्याचीच अपेक्षा करतात.

जाता जाता पोटाचं. शाकाहारी मंडळींनी "यत्सोम" हा शब्द पाठ करावा: उपासाचं, म्हणजे मांस-दूध-अंडं नसलेलं. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात, त्यामुळे त्या दिवशी हे ताट सहज मिळतं. शिरो म्हणजे जवळजवळ आपलं पिठलं, आणि इंजेरा आंबट जाळीदार घावनासारखा. तुर्मीच्या पुढे मात्र चटणीची पुडी आणि दशम्या बॅगेत असलेल्या बऱ्या.

## ५. बॅग भरताना

दोन लेन्स पुरतात: २४-७० मिलिमीटर आणि ८५ किंवा ७०-२००. झोपड्यांच्या आतले फोटो हवे असतील तर एफ १.८ ची एक छोटी ३५ किंवा ५०. ट्रायपॉड गावात अडगळ होतो आणि पोरं गोळा करतो.

धूळ बारीक आणि लालसर असते. लेन्स गाडीत, काच वर करून, एसी बंद करून बदला. फुंकणी हवी, धुळीवर आधी कापड फिरवलं तर काचेवर चरे पडतात. हमर बायका केसांना गेरू आणि लोणी लावतात. फोटो दाखवायला कॅमेरा पुढे केला की शेजारी टेकलेल्या डोक्याचा तेलकट तांबडा ठसा लेन्सच्या कडेला उमटतो. तो कोरड्या फडक्यानं पसरतो. अल्कोहोलचे ओले कागद सोबत ठेवा, आणि फिल्टर लावलेला असू द्या.

बॅटऱ्या किमान चार, हातसामानात. वीज जाते-येते, तुर्मीत मुक्कामाच्या ठिकाणी ती ठरावीक तासच असेल असं धरा. आपला गोल दोन पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटला बसतो, तीन पिनांचा बसत नाही. गाडीत चार्ज करायची सोय वेगळी ठेवा.

तपासा: बर्स्ट (एका दाबात सलग अनेक फोटो) बंद करून एकेक फोटोवर ठेवा. काही ठिकाणी अजूनही शटरचे आवाज मोजून पैसे मागतात, आणि टकटकटक असा आवाज आला की बारा फोटोंचे पैसे लागतात. यावर उपाय म्हणून शटर मुकं करणं हा चोरटेपणा आहे. तो ओळखतातही.

## ६. गावात शिरताना: इथेच सगळं ठरतं

पहिलं, गाडी बाहेर. कुंपणापासून ५०-१०० मीटर अलीकडे उतरा. कॅमेरा बॅगेत, बॅग बंद. गळ्यात कॅमेरा अडकवून उतरणं म्हणजे बोलणी सुरू होण्याआधीच ग्राहक म्हणून उभं राहणं.

दुसरं, ज्येष्ठांकडे. गाईडच्या मागोमाग जा. सलाम म्हणा, बसायला सांगतील तिथे बसा. पुरुषांच्या हातात लाकडी छोटं स्टूल दिसेल. ते बोर्कोटो: बसायलाही आणि झोपताना मानेखाली उशी म्हणूनही. त्यावर विचारल्याशिवाय बसू नका, ती वैयक्तिक वस्तू आहे. इथे प्रवेशशुल्क दिलं जातं.

तिसरं, थांबा. हमर घरात बोलावलं तर अर्ध्या भोपळ्यात कॉफीच्या टरफलांचं गरम पाणी मिळतं. रंग चहासारखा, चव धुरकट. घरधनी कधी कधी त्याचा घोट तोंडातून फवारतो, तो आशीर्वाद असतो; तोंड पुसत मागे सरकू नका. दार फार खुजं असतं, बॅग आधी आत सारा आणि मग वाका, नाहीतर पाठीवरच्या बॅगेसकट चौकटीत अडकून घरादाराची करमणूक होते.

या थांबण्यानं गराडा ओसरतो. पाहुणा लगेच नोटा काढत नाही म्हटल्यावर निम्मी माणसं आपापल्या कामाला लागतात, आणि तुम्हाला जे टिपायचं होतं ते, म्हणजे ज्वारी दळणारी बाई, शेळ्या हाकणारा पोरगा, नेमकं तेव्हा समोर येतं.

चौथं, एकेकाला विचारा. गाईडमार्फत, त्या माणसाकडे बघत. थोडं आम्हारिक जमलं तर "फोटो यिचालाल?", म्हणजे फोटो चालेल का. "आयचालिम" आलं तर विषय संपला. किती पैसे, किती वेळ, मूल धरून की वगळून, हे सगळं आत्ताच बोला. शक्यतो फोटोमागे न ठरवता पाच मिनिटांचा ठोक दर ठरवा. फोटोमागे ठरवलं की समोरचा मनात आकडे मोजत ताठ उभा राहतो. ठोक ठरवलं की दुसऱ्या मिनिटाला खांदे सैल पडतात.

पाचवं, आता कॅमेरा. काम झालं की लगेच, तिथल्या तिथे, ठरलेले पैसे. "शेवटी सगळ्यांचे एकदम देतो" हा वाक्प्रयोग ओमोतल्या निम्म्या भांडणांचं मूळ असावा. शेवटी ज्यांचे फोटो काढलेच नाहीत तेही रांगेत येतात, आणि कोणाचं खरं हे तुम्हालाही आठवत नाही.

सावध: चौकटीच्या कडेला मागे उभा असलेला माणूसही पैशाचा हक्कदार ठरतो. दाबण्याआधी कडा बघा. मागे कोणी नको असेल तर तुम्हीच दोन पावलं सरका, त्याला हाकलू नका.

पोरांना गोळ्या, पेन, नोटा वाटू नका. रस्त्यावर "हायलँड! हायलँड!" असा ओरडा ऐकू येतो, रिकाम्या पाण्याच्या बाटल्या हव्या असतात. चालत्या गाडीतून बाटली टाकली की पाच पोरं एकदम चाकांकडे धावतात. की आफरच्या आसपास उंच काठ्यांवर चढून नाचणारी बन्ना पोरं दिसतील, त्यांच्यासाठीही गाडी थांबवू नका. एकदा पैसे मिळाले की पुढची गाडी अडवायला ती रस्त्याच्या मधोमध येतात. काही द्यायचंच असेल तर साबण, मीठ, कॉफीची टरफलं असं गाईडमार्फत ज्येष्ठांकडे द्या.

## ७. प्रत्यक्ष फोटो

तुम्ही विषुववृत्तापासून पाच-सहा अंशांवर आहात. सूर्य झपाट्यानं वर चढतो. चांगला उजेड साडेसहा ते साडेआठ आणि दुपारी साडेचारनंतर सूर्यास्तापर्यंत. मधल्या वेळात उन्हात चेहऱ्याचे फोटो काढू नका, सावली शोधा: झोपडीच्या दारातली, छपराखालची, बाभळीच्या एकसंध सावलीतली. विरळ फांद्यांखाली चेहऱ्यावर कवडसे पडतात, ते नंतर संगणकावर निघत नाहीत. माणूस सावलीच्या कडेशी, चेहरा उघड्या आकाशाकडे करून बसला की डोळ्यांत चमक आपोआप येते.

आता एक्स्पोजर, म्हणजे फोटोत उजेड किती घ्यायचा ते. यात सगळ्यात जास्त लोक चुकतात. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालतं. गडद त्वचेचा चेहरा चौकटभर घेतला की मीटर तो उजळवायला जातं, त्वचा राखी आणि धुवट दिसते. अशा वेळी कॅमेऱ्यावरची एक्स्पोजरची भरपाई उणे २/३ ते उणे १. उलट, मागे पांढरं आकाश असेल तर मीटर सगळं काळवंडून टाकतं आणि चेहऱ्याचा नुसता आकार उरतो. तिथे अधिक १, किंवा सरळ चौकट बदला. एकच आकडा दिवसभर ठेवून दोन्ही चुका करणारे खूप आहेत.

कारोंच्या अंगावर पांढऱ्या खडूचे ठिपके आणि पट्टे असतात. चेहरा बरोबर आला तरी पांढरा रंग जळून जातो, त्याचा खरबरीतपणा हरवतो. पांढरं जपेल असं एक्स्पोजर घ्या, रॉमध्ये काढा आणि सावल्या नंतर उचला. उजेड जास्त झाल्याची लुकलुकणारी खूण चालू ठेवा. व्हाइट बॅलन्स स्वयंचलित ठेवला की हमर केसांचा गेरू प्रत्येक फोटोत निराळा येतो, म्हणून ५,२०० ते ५,६०० केल्व्हिनवर एकदाच बसवून ठेवा.

झोपडीच्या आत: आयएसओ १,६०० ते ३,२००, एफ २ च्या आसपास, शटर १/१२५. फ्लॅश नको. चुलीचा धूर त्यात पांढरा भिंतीसारखा उमटतो, शिवाय लहान मूल दचकून रडायला लागलं की तुमचं तिथलं काम संपतंच.

आणि एक विनंतीवजा सूचना. घड्याळ काढ, टी-शर्ट काढ, मोबाइल लपव, बंदूक बाजूला ठेव, असं सांगू नका. हमर पोराच्या मनगटावर घड्याळ असतं आणि मुर्सी गुराख्याच्या खांद्यावर कलाश्निकोव्ह असते, कारण गुरं राखायची असतात. ते पुसून काढलेला फोटो हमरांचा नसतो, तुमच्या कल्पनेचा असतो.

## ८. तीन ठिकाणं जिथे वेगळं वागावं लागतं

मुर्सी गाव. जिंकाहून सकाळी सहाला निघा, दोनेक तासांत पोचाल. दुपारनंतर जाऊ नका. तोवर काही मंडळी दारू प्यालेली असतात, हातात बंदुका असतात आणि दराची घासाघीस चिडचिडीवर जाते. ओठातली मातीची तबकडी बायका दिवसभर घालत नाहीत. खास प्रसंगी आणि पाहुणे आले की घालतात. "घाल" किंवा "काढून दाखव" म्हणणं दोन्ही अनुचित. डोक्यावर गुरांची शिंगं, टोपल्या, उलटी भांडी असा थाट दिसेल तो बराचसा पर्यटकांसाठी रचलेला असतो. काढायचा तर काढा, पण खाली "पारंपरिक पोशाख" लिहू नका. तासाभरात आटपून निघणं इथे उत्तम.

बाजार. दिमेकाला दहा-अकराच्या सुमारास गर्दी भरते, उजेड तेव्हा वाईट. चेहऱ्यांचा नाद सोडा. हात, मापं, लोण्याचे भोपळे, गेरूचे ढीग, तंबाखू, मणी यांचे जवळून फोटो घ्या. विकणाऱ्याकडून आधी काही विकत घ्या, मग विचारा. दुरून ७०-२०० नं चोरून टिपणं इथे लगेच लक्षात येतं आणि आरडाओरडा होतो.

उकुली बुला. हमर तरुणाचा बैलांवरून धावण्याचा विधी, विवाहाआधीचा. तारीख जेमतेम काही दिवस आधी कळते. निमंत्रित नातलगांना आणि शेजाऱ्यांना गाठी मारलेली दोरी जाते आणि रोज एक गाठ सोडतात. त्यामुळे वेळापत्रकात तो हमखास बसवता येत नाही. "उद्या तुमच्यासाठी करवतो" म्हणणाऱ्याला नाही म्हणा. खरा असेल तर शुल्क भरून दुपारी पोचा, उडी सूर्यास्ताच्या सुमाराला असते. उजेड झरझर उतरतो, शटर १/१००० ठेवायला आयएसओ ३,२०० पर्यंत न्यावं लागतं. बैलांच्या ओळीच्या तोंडासमोर उभे राहू नका, बाजूला आणि माणसांच्या मागे राहा. त्याआधी नातलग बायका स्वतःहून फटके मागून घेतात, पाठीतून रक्त येतं. बघवत नसेल तर बाजूला व्हा, मध्ये पडू नका, आणि ताज्या जखमांवर लेन्स रोखू नका. तरुण उघडा असतो, तो फोटो कुठे टाकायचा याचा विचार दाबण्याआधी करा.

## ९. परतल्यावर

त्याच रात्री कार्ड दोन ठिकाणी उतरवा आणि प्रत्येक गावाला वेगळा फोल्डर: जमात, गाव, तारीख, गाईडनं सांगितलेलं नाव. तीन दिवसांनी हमर आणि बन्ना यांतला फरक आठवत नाही, आणि मग फोटोखाली नुसतं "आफ्रिकन आदिवासी" येतं.

उघड्या लहान मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका, ज्या न्यायानं आपल्या गल्लीतल्या पोराचे टाकणार नाही त्याच न्यायानं. अंदमानात जारवा आदिवासींचा फोटो काढणं हा गुन्हा आहे. ओमोत परवानगी मिळते, पण ती फोटो काढण्याची असते. जाहिरातीला किंवा विकायला त्या पाच मिनिटांच्या सौद्यात संमती मिळालेली नसते.

प्रिंट पाठवा म्हणणारे बरेच भेटतात आणि हो म्हणणं सोपं असतं. पाठवणार असाल तरच हो म्हणा. १० बाय १५ सेंटिमीटरच्या प्रती, मागे गाव आणि नाव, पुढच्या मोसमात जाणाऱ्या कोणाच्या हाती त्याच गाईडकडे. लॅमिनेट करून द्या. लोण्या-गेरूच्या हातांत साधा कागद फार टिकत नाही.